देवरियाताल: तीन किलोमीटरची चढण आणि तुमचे ढीगभर प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की हिमालय बघायचाय पण आठ-दहा दिवसांचा ट्रेक नको, तर कुठे जाऊ, आणि मी उत्तरात देवरियातालचं नाव टाकून मोकळी झाले. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळी अख्खं सदर याच तळ्याला देऊन टाकतेय. ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की उत्तराखंडात रुद्रप्रयाग जिल्ह्यात उखीमठजवळ सारी नावाचं गाव आहे, त्याच्या डोक्यावर साधारण २४०० मीटर उंचीवर जंगलाने वेढलेलं एक छोटं नैसर्गिक तळं आहे, गाडी तिथपर्यंत जात नाही, चालतच जावं लागतं, आणि समोर चौखंबाचं बर्फाच्छादित शिखर.

ताई, आम्ही पाच मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. दोघींचे गुडघे कुरकुरतात. रोज रंकाळ्याला चालतो पण ते सपाटीवर. मुलगा म्हणतो देवरियाताल एका दिवसात आरामात होतं. खरंच होईल का की तो आम्हाला घराबाहेर काढायला बघतोय? — कोल्हापूर

मुलगा खरं बोलतोय. सारी गावापासून तळं अडीच ते तीन किलोमीटर आहे, चढ साधारण चारशे मीटरचा. म्हणजे पुण्याच्या मंडळींना सांगायचं तर आतकरवाडीहून सिंहगड चढतो त्यापेक्षा चढ कमी, आणि वाट बहुतेक ठिकाणी दगड बसवून बांधलेली, त्यामुळे कुठे पकडून चढायचंय, कुठे घसाऱ्यावरून जायचंय असलं काही नाही. तरुण पोरं तासाभरात वर पोचतात, तुम्ही दोन-अडीच तास धरा आणि मध्ये मनसोक्त बसा.

पण एक सांगते, रंकाळ्याच्या चालण्याचा इथे अर्धाच उपयोग. दम तुम्हाला असेल, मांड्यांना चढायची सवय नसेल. निघायच्या आधी दीड-दोन महिने आठवड्यातून दोन-तीनदा जिने चढा नाहीतर सरळ ज्योतिबाला पायऱ्यांनी जा. आणि गुडघे चढताना कमी, उतरताना जास्त बोलतात हे तुम्हाला माहितीच असेल, तर काठी घ्या, एक नाही दोन, गावात लाकडी काठ्या मिळतात त्याही चालतील. उतरताना पाय तिरका टाका, टुणटुण उड्या मारत उतरू नका. वाटेवरचे दगड दंवाने सकाळी ओले असतात त्यामुळे गुळगुळीत तळव्याचे चालायचे शूज नकोत, खाली खाचा असलेले हवेत.

सुरुवातीलाच गावाच्या वर ओंकार रत्नेश्वर महादेवाचं जुनं दगडी देऊळ लागतं, तिथे पहिली दमछाक झालेली असते, बरोब्बर थांबायची जागा. तिथून पुढे एक-दोन वळणं गेली की मागे वळून बघा, सारीची कौलं-पत्रे आणि पायऱ्या-पायऱ्यांची शेतं खाली दिसतात आणि पलीकडे तुंगनाथ-चंद्रशिलेची रांग. मग बांज आणि बुरांशचं (म्हणजे लाल फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनचं) जंगल सुरू होतं, सावली मिळते. बांज म्हणजे तिकडचा ओक, त्याच्या पानांची खालची बाजू फिकट असते, वारा आला की सगळं झाडच रंग बदलल्यासारखं वाटतं. चहा-मॅगीची टपरी वाटेत असते, सीझन असेल तर.

ज्या दोघींना अगदीच शंका वाटतेय त्यांच्यासाठी गावात खच्चर, म्हणजे खेचर मिळतं, आदल्या संध्याकाळी सांगून ठेवायचं. आणि उंचीची भीती घालणारे नातेवाईक भेटतीलच, ऑक्सिजन कमी होतो वगैरे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर धरतात, हे तळं त्याच्या जेमतेम खाली. धाप जरा लवकर लागेल एवढंच. बीपी किंवा दम्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून निघा, ते तर कुठेही जाताना विचारावंच.

चौखंबा तळ्यात उलटा दिसतो असे फोटो बघून आम्ही गेल्या मे महिन्यात गेलो. साडेअकराला वर पोचलो, समोर पांढरा पडदा, तळ्यात हिरवं पाणी आणि पन्नास माणसं. बायको म्हणाली हे काय बघायला आणलंत. ते फोटो एडिट केलेले असतात का? — डोंबिवली

नाही हो, फोटो खरेच असतात, तुमचं घड्याळ चुकलं. आणि याच एका गोष्टीसाठी मी हे सदर लिहितेय असं समजा, कारण निम्म्या पत्रांत हेच रडगाणं आहे की दोन तास चढून गेलो आणि काही दिसलं नाही.

होतं काय की रात्री डोंगरावरची हवा थंड होऊन खाली दरीत उतरते, पहाटे सगळं स्थिर असतं, वारा जवळपास नसतो, आभाळ मोकळं. सूर्य वर आला की उतार तापायला लागतात, दरीतली दमट हवा उतारांवरून वर सरकते आणि शिखरांपाशी जाऊन तिचे ढग होतात. मे-जूनमध्ये तर नऊ-दहा वाजताच चौखंबाच्या कमरेला ढग दिसायला लागतात आणि अकरापर्यंत खेळ खलास. तुम्ही साडेअकराला पोचलात म्हणजे पिक्चर सुटल्यावर थेटरात शिरलात.

आता प्रतिबिंबाचं. चौखंबा ७१३८ मीटर, तळ्यापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, ईशान्येला. म्हणजे तो क्षितिजापासून नऊ-दहा अंशच वर दिसतो, फोटोत वाटतो तेवढा डोक्यावर आलेला नसतो. आता थोडं गणित करा, अगदी शाळेतलं. जितक्या कोनात शिखर वर, तितक्याच कोनात ते पाण्यात खाली. तुम्ही काठाला लागून उभे आहात, डोळे पाण्यापासून दीड मीटरवर, तर शिखर ज्या पाण्यात दिसतं ते पाणी तुमच्यापासून फक्त आठ-दहा मीटरवर असतं! तळ्याच्या मध्यभागी नाही. म्हणून पलीकडे वारा असला तरी एकवेळ चालेल, पण तुमच्या पुढ्यातल्या पाण्यात एखाद्या पोराने खडा टाकला, कुत्रं पाणी प्यायला उतरलं, की गेला चौखंबा. पाच मिनिटं थांबायचं, परत जुळून येतो.

उभं कुठे राहायचं हेही विचारतात लोक. शिखरं उत्तर आणि ईशान्येला, म्हणजे तुम्ही तळ्याच्या दक्षिणेकडच्या काठावर हवेत, तळं तुमच्या आणि शिखरांच्या मध्ये. वर पोचल्या-पोचल्या सगळे जिथे सेल्फी काढत असतात तिथेच थांबू नका, काठाने एक चक्कर मारा, छोटं तळं आहे, फार वेळ लागत नाही. चौखंबाच्या डावीकडे उत्तरेला केदारनाथ शिखर येतं, मंदिर नाही हां, ६९४० मीटरचं शिखर, ते मंदिराच्या मागे उभं असतं तेच.

तर पुढच्या वेळी वहिनींना घेऊन आदल्या दिवशी सारीला मुक्काम करा, पहाटे निघा आणि उजाडताना वर असा. अंधारात निघत असाल तर गावातला माणूस सोबत घ्याच, तिकडे काळं अस्वल आहे, बिबट्या आहे, सह्याद्रीत रात्री टॉर्च लावून गड चढायची सवय असणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचा. अस्वल काही तुमची वाट बघत बसलेलं नसतं पण वळणावर समोरासमोर गाठ पडली की ते घाबरून अंगावर येतं. बोलत चला. मराठी माणसाला ते सांगावं लागत नाही म्हणा.

फ्रेंड्सचा प्लॅन आहे, हरिद्वारला सकाळी उतरायचं, त्याच दिवशी सारी गाठून देवरियाताल करायचं, दुसऱ्या दिवशी तुंगनाथ-चंद्रशिला, तिसऱ्या दिवशी सकाळी हरिद्वारहून परतीची ट्रेन. बजेट टाइट आहे. होईल ना? — नाशिक, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष

अरे बाबा, नकाशावर होतं. हरिद्वार ते उखीमठ दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे पण ते मुंबई-नाशिक हायवेचे दोनशे किलोमीटर नाहीत. ऋषिकेश सोडलं की घाट सुरू होतो तो शेवटपर्यंत. देवप्रयाग, मग श्रीनगर (गढवालमधलं, काश्मीरचं नव्हे, दर वेळी कोणीतरी हे विचारतंच), मग रुद्रप्रयाग. तिथे अलकनंदा सोडायची, बद्रीनाथचा रस्ता उजवीकडे जातो, आपण मंदाकिनीच्या काठाने वर, अगस्त्यमुनी, कुंड. कुंडला पूल आहे, एक रस्ता गुप्तकाशीकडे, दुसरा उखीमठकडे. उखीमठहून चोपत्याच्या (तुंगनाथची चढण सुरू होते ते ठिकाण) रस्त्याने पुढे गेलं की सारीचा फाटा. सगळं नीट चाललं तर आठ-नऊ तास, आणि सगळं नीट क्वचितच चालतं. श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मध्ये सिरोबगडला दरड पडायची जागा आहे, पावसाळ्यात तिथे तासन्‌तास गाड्या उभ्या राहतात. मे-जूनमध्ये चारधाम यात्रेची गर्दी, ती वेगळी.

म्हणजे तुम्ही संध्याकाळी सहा-सातला सारीत पोचणार, कमरेचा काटा ढिला झालेला, आणि तेव्हा वर जाऊन बघणार काय? त्यापेक्षा असं करा. पहिला दिवस फक्त प्रवास. ऋषिकेशहून पहाटेच्या बस सुटतात, गुप्तकाशी-गौरीकुंडकडे जाणारी धरलीत तर कुंडला उतरून शेअर जीपने उखीमठ आणि तिथून दुसरी जीप. शेअर जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि दुपारनंतर कमी होत जातात त्यामुळे सकाळची बस सोडू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे देवरियाताल, नऊपर्यंत खाली, जेवून गाडीने चोपता, तासाभराचा रस्ता आहे, तिथे झोपा. तिसऱ्या दिवशी पहाटे तुंगनाथ. चोपत्याहून साडेतीन-चार किलोमीटर, देऊळ ३६८० मीटरवर, पंचकेदार म्हणजे तिकडच्या शंकराच्या पाच देवळांतलं सगळ्यात उंच. चंद्रशिला त्याच्या वर आणखी दीडेक किलोमीटर, खडी चढण. चौथा दिवस परतीचा. एक दिवस वाढला की खर्च फार वाढत नाही, मुक्कामाचे चार-पाचशे आणि जेवण, एवढंच, आणि परतीची ट्रेन मात्र चौथ्या दिवशी रात्रीची किंवा पाचव्या दिवसाची काढ. घाट उतरून त्याच संध्याकाळची ट्रेन पकडायचा प्लॅन केलास तर तू प्रवासभर घड्याळच बघणार.

देवरियातालहून जंगलातून रोहिणी बुग्याळ नावाच्या गवताळ कुरणावरून चालत चोपत्याला जाणारी वाट आहे, तेही कोणीतरी तुला सांगेलच. सुंदर आहे, पण पूर्ण दिवसाची चाल, मध्ये पाण्याची आणि खाण्याची सोय धरून चालता येत नाही आणि वाटा फुटतात, वाटाड्या घेऊनच जायची. पैसे वाचवायला ॲप बघत जाऊ असं कोणी म्हणालं तर त्याला गाडीने पाठव.

तळ्याच्या काठावर टेंट लावून राहायचंय, चांदण्यात चौखंबा बघायचाय. कोणाकडे बुकिंग करू? — पुणे

काठावर नाही राहता येणार. हा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्याला लागून-जोडून आहे, १९७२ साली कस्तुरीमृगांसाठी केलेलं अभयारण्य ते, वर गेल्यावर वनखात्याची चौकी आहे, तिकीट घ्यावं लागतं, पावती जपून ठेवा. शिवाय २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांवर, म्हणजे डोंगरावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि त्यानंतर सगळीकडेच तंबूंवर नजर वाढली. आधी तळ्याकाठी तंबूंची रांग लागायची, सकाळी तिथे काय काय सापडायचं ते मासिकात लिहिण्यासारखं नाही.

आता गावातली मंडळी तळ्याच्या अलीकडे, हद्दीच्या बाहेर तंबू लावून देतात. ते घ्या, तिथूनही आभाळ तेच आहे. पण मला विचाराल तर सारीत होमस्टेला राहणं जास्त बरं, पैसा थेट घरात जातो, चुलीवरचं जेवण मिळतं आणि रात्री थंडीत संडासला जायचं झालं तर दार असलेली खोली आठवते. "काठावर लावून देतो, कोणी बघत नाही" असं सांगणारा भेटलाच तर नको म्हणा. पकडले गेलात तर तो गायब आणि दंड तुमच्या नावावर.

जायचा बेस्ट महिना कुठला? — बेळगाव

एकच सांगायचा तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा मध्य. पावसाने हवा धुतलेली असते, शिखरं कोरून ठेवल्यासारखी दिसतात, ढगही उशिरा येतात. दिवाळीची सुट्टी यात बसते म्हणून मराठी आणि बंगाली, दोन्ही गर्दी असते, तेवढी सोसा.

मार्चअखेर ते एप्रिल बुरांशसाठी. लालभडक फुलं, झाडंच्या झाडं पेटल्यासारखी, आणि खाली पाकळ्यांचा सडा. त्याचं सरबत गावात मिळतं, आपल्या कोकमसारखंच आंबटगोड काहीतरी, बाटली घेऊन या. मे-जून चालतं पण वर सांगितलं तसं लवकर पोचा. जानेवारी-फेब्रुवारीत वाटेवर बर्फ असतो, तळ्याचा काठ गोठतो, बुटाला लावायचे काटे भाड्याने मिळतात ते घ्या. जुलै ते सप्टेंबरचा मध्य, नका जाऊ. जळवांचं मी समजू शकते, आपल्याला सवय आहे, प्रश्न दरडींचा आहे. १९९८ आणि २०१२, दोन्ही साली पावसाळ्यात याच उखीमठ भागात दरडी कोसळून बरीच माणसं गेली. २०१३ चा केदारनाथचा पूर तर सगळ्यांना आठवतो, तोही याच मंदाकिनीच्या खोऱ्यातला.

यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते तळं हेच का? मुलांना नातवंडांना गोष्ट सांगून नेणार आहे, म्हणून खात्री करून घेतोय. — सातारा, निवृत्त शिक्षक

काका, गावातले लोक तसंच सांगतात. देव इथे स्नानाला यायचे असंही सांगतात. पण तुम्ही शिक्षक, तुम्हाला खरं सांगितलंच पाहिजे. महाभारतात वनपर्वात हा प्रसंग द्वैतवनात घडतो, ब्राह्मणाच्या अरणी, म्हणजे घासून अग्नी पेटवायची लाकडं, एक हरीण शिंगात अडकवून पळतं, पांडव त्याच्या मागे, तहान लागते, नकुल पाणी आणायला जातो आणि पुढचं तुम्हाला पाठच असेल. तळं नक्की कुठलं ते तिथे आजच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलेलं नाही. पाकिस्तानातल्या पंजाबात चकवाल जिल्ह्यात कटासराज म्हणून देवळांचा समूह आहे, तिथल्या कुंडाबद्दलही अगदी हीच गोष्ट सांगतात. म्हणजे दावेदार एकापेक्षा जास्त.

तरी गोष्ट इथेच सांगा, मुलांना जागा आवडेल. मी असते तर चौघं भाऊ पाणी प्यायला उतरतात तिथपर्यंत चढताना सांगितलं असतं आणि प्रश्न तळ्यावर बसून विचारले असते. वाऱ्याहून वेगवान काय, तर मन. गवताच्या पात्यांहून जास्त काय, तर चिंता. आणि शेवटी एकालाच जिवंत करतो म्हटल्यावर युधिष्ठिर भीम नाही, अर्जुन नाही, नकुलाला मागतो, का ते मुलांनाच विचारा. आमच्याकडच्या एका सहावीतल्या मुलीने पटकन सांगितलं, "म्हणजे दोन्ही आयांचा एक एक राहील." मोठ्यांना हे सुचायला वेळ लागतो.

फक्त पोरांना यक्षाची परवानगी न घेता तळ्यात उतरू देऊ नका. पोहायचं तळं नाहीये ते, पाणी बर्फासारखं थंड असतं आणि काठ दलदलीचा आहे.

जेवणाचं काय? आम्ही कांदा-लसूण खात नाही आणि माझा शनिवार असतो. — इंदूर

कांदा-लसूण नको म्हणून आधी सांगा, करून देतात, देवभूमीत ही मागणी त्यांना नवीन नाही. तिकडचं घरचं जेवण मागा, पराठा-मॅगी नको. मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरीच, वर लोणी. गहतची डाळ म्हणजे कुळीथ. हजार-दीड हजार किलोमीटर जाऊन माणूस कुळीथ आणि नाचणी खातो आणि वर म्हणतो वा काय वेगळी चव! झंगोऱ्याची खीर मिळाली तर सोडू नका, तो भगरीच्या जातीतला, तुमच्या शनिवारी चालतो का ते तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा, मी त्यात पडत नाही.

वर जाताना सुका खाऊ आणि माणशी एक लिटर पाणी. रिकामं पाकीट, साल, टिश्यू, सगळं परत खाली. पैशांचं म्हणाल तर कॅश उखीमठला एटीएममधून काढून ठेवा, पुढे नेटवर्क आलं तर आलं, स्कॅनर असूनही पैसे जात नाहीत आणि मग दोघंही एकमेकांकडे बघत बसतात.

इतक्या लांब कशाला, सह्याद्रीत असं डोंगरावरचं तळं नाही का? — फोंडा, गोवा

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर थोडं निराशाजनक. आपल्याकडे उंचावर पाणी दिसतं ते बहुतेक माणसाने अडवलेलं. भंडारदऱ्याचा जलाशय विल्सन धरणाचा, १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या. कासचा तलाव साताऱ्याच्या पाण्यासाठी बांधलेला. वासोट्याला जाताना बामणोलीहून लाँचने ओलांडतो तो शिवसागर कोयनेचा. गडांवरची टाकी तर कातळात खोदलेली. सह्याद्रीवर पाऊस धो धो पडतो पण कडे असे तुटलेले की पाणी थांबतच नाही, धबधबे होऊन खाली. हिमालयात उंचावर हिमनद्यांनी खड्डे कोरले आणि आडवे बांध टाकले, आपल्या डोंगरांवर हिमनद्या नव्हत्याच.

पण एक दिवस, जंगल, पाणी आणि गाडी जात नाही अशी जागा, एवढंच हवं असेल तर वासोटा करा, गोव्याहून साताऱ्यापर्यंत रात्रीत येता येतं. बामणोलीला वनखात्याची परवानगी, तास-दीड तास लाँच, मग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं गर्द जंगल आणि दीड-दोन तासांची चढण. संध्याकाळच्या आत लाँचवर परत यावंच लागतं, आत मुक्काम नाही. पावसाळ्यात बंद असतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. फक्त जळवा आणि लाँचवाल्याची घाई, दोन्ही धरून चला.

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. तळ्यापर्यंत त्या येणार नाहीत पण घरीही राहणार नाहीत. आम्ही वर गेल्यावर त्या दिवसभर काय करतील? — ठाणे

दिवसभर नाही, तुम्ही पहाटे गेलात तर दहापर्यंत खाली असाल. तोपर्यंत होमस्टेच्या अंगणात उन्हाला खुर्ची टाकून द्या आणि घरातल्या बाईंना सांगा की आजी एकट्या आहेत. भाषेची काळजी नको, आजीचं हिंदी आणि त्यांचं गढवाली, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सुना, गुडघे आणि जेवणाचे भाव यावर छान जमतं. राजमा निवडायला घेऊन बसल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आणि त्यांच्यासाठी खरं ठिकाण उखीमठ आहे. ओंकारेश्वराचं मंदिर, हिवाळ्यात केदारनाथच्या देवळाची दारं बंद झाली की केदारनाथाची आणि मदमहेश्वराची पूजा इथेच होते. ज्यांना केदारनाथ चढवत नाही अशा कितीतरी मंडळी हिवाळ्यात इथेच येऊन दर्शन घेतात. गाडी मंदिराच्या बऱ्यापैकी जवळ जाते, थोड्या पायऱ्या आहेत, हात धरलात तर होतील. जाताना आधी हे दर्शन करून टाका म्हणजे सासूबाईंची यात्रा पहिल्याच दिवशी झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला तुम्ही टॉर्च शोधत खोलीत खुडबुड केलीत तरी त्या काही बोलणार नाहीत. घोंगडी नाही तर जाड शाल त्यांच्यासाठी जास्तीची ठेवा, सारीत मे महिन्यातही रात्री गारठा असतो, आणि खोली घेताना तळमजल्याची आणि कमोडची मागून घ्या, फोनवरच विचारून.